दूरनियंत्रित पाणबुडी-प्रतिकृतीतील बॅलास्ट टाकी व दाबाचे नियमन : नाशिक परिसरातील एका प्रयोगाच्या निमित्ताने

प्रस्तावना

पदवी स्तरावरील भौतिकशास्त्राच्या अध्यापनात आर्किमिडीजचे तत्त्व व बॉईलचा नियम हे दोन विषय वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, वेगवेगळ्या वेळी शिकविले जातात आणि परीक्षेतही त्यांवर स्वतंत्र प्रश्न विचारले जातात. हे दोन्ही नियम एकाच वस्तूत, एकाच क्षणी आणि काहीसे परस्परांच्या विरोधात कार्य करताना पाहावयाचे असतील, तर रेडिओद्वारे नियंत्रित होणाऱ्या पाणबुडीच्या छोट्या प्रतिकृतीसारखे साधन क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांच्या एका गटासमवेत अशी प्रतिकृती तयार केली, ती नाशिक जिल्ह्यातील एका शेततळ्यात सोडली आणि ती तळाशी गेली. ती का बुडाली याचा शोध घेताना असे आढळले की, दोष विजेच्या जोडणीचा नव्हता, रेडिओचा नव्हता आणि टाकीचाही नव्हता; दोष दाबाच्या हिशेबाचा होता. तो हिशेब मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

मोठी पाणबुडी आणि छोटी प्रतिकृती

पाणबुडी हा विषय महाराष्ट्राला परका नाही. भारतात बांधली गेलेली पहिली पाणबुडी 'आय.एन.एस. शाल्की' मुंबईच्या माझगाव गोदीत तयार झाली व १९९२ मध्ये नौदलात दाखल झाली. त्याच गोदीत पुढे स्कॉर्पीन वर्गातील सहा पाणबुड्या बांधण्यात आल्या. त्यांतील पहिली 'कलवरी' डिसेंबर २०१७ मध्ये, तर सहावी 'वागशीर' जानेवारी २०२५ मध्ये नौदलात सामील झाली. यांपैकी 'खांदेरी' हे नाव थळच्या किनाऱ्यासमोरील शिवकालीन जलदुर्गाचे आहे, हे वाचकांस ठाऊक असेलच.

'कलवरी'ची लांबी सुमारे ६७ मीटर आहे. पृष्ठभागावर तरंगताना तिचे विस्थापन सुमारे १,६०० टन, तर पाण्याखाली सुमारे १,७७५ टन असते. दोहोंतील फरक म्हणजे स्थूलमानाने टाक्यांत घेतलेले पाणी. या मुख्य बॅलास्ट टाक्या पाणबुडीच्या दाबकवचाच्या बाहेर असतात. त्यांच्या तळाशी पाण्याला मोकळा मार्ग असतो व माथ्यावर हवा सोडण्याच्या झडपा असतात. झडपा उघडल्या की हवा वर निघून जाते व खालून पाणी भरते. टाकीतील दाब बाहेरील समुद्राच्या दाबाइतकाच राहतो, त्यामुळे टाकीच्या भिंतीवर मोठा ताण येत नाही. वर यावयाचे असल्यास उच्च दाबाच्या नळकांड्यांतील हवा टाकीत सोडून पाणी बाहेर ढकलले जाते. खलाशी राहतात त्या दाबकवचातील हवेचा या व्यवहाराशी जवळजवळ संबंध येत नाही.

प्रतिकृतीत नेमके याच्या उलट घडते. उच्च दाबाची नळकांडी वाहून नेण्यास तीत जागा नसते. साहजिकच पाणी आत घ्यावयाचे म्हणजे आतल्याच हवेला बाजूला सारावयाचे, आणि बंद पेटीत बाजूला सारलेली हवा दाबली जाण्यावाचून गत्यंतर नसते. मोठ्या पाणबुडीची रचना लहान करून प्रतिकृती तयार होत नाही, ही गोष्ट आमच्या ध्यानी उशिरा आली.

दट्ट्याच्या टाकीचा हिशेब

आमच्या प्रतिकृतीचा कोरडा कक्ष बाजारात सहज मिळणाऱ्या ११० मि.मी. व्यासाच्या पी.व्ही.सी. पाइपाचा होता. दोन्ही टोकांना ओ-रिंग बसविलेली झाकणे होती व त्यांचा आतील व्यास १० सें.मी. होता. टाकी रिकामी असताना प्रतिकृतीचे वजन ४.४ किलोग्रॅम व भरल्यावर ५.० किलोग्रॅम होत असे, म्हणजे टाकीची क्षमता ६०० मि.लि. होती. टाकी दट्ट्याच्या प्रकारची होती. औषधाच्या सिरिंजमध्ये दट्ट्या मागे ओढला असता जसे द्रव आत येते, तसाच दट्ट्या येथे लहान मोटार व आट्यांची सळई यांच्या साहाय्याने मागेपुढे सरकतो. या प्रकाराचा मोठा गुण असा की, दट्ट्या जेथे थांबेल तेथे पाणी थांबते, १० मि.लि. हवे असेल तर १० मि.लि. घेता येते.

आता हवेचा विचार करू. बॅटरी, मोटारी व इतर सामग्री वगळता कोरड्या कक्षात मोकळी हवा सुमारे २.० लिटर होती. दट्ट्या पूर्ण मागे आला की त्याने ६०० मि.लि. जागा व्यापली आणि हवेला १.४ लिटर जागा उरली. ही क्रिया सावकाश होते आणि नळकांडे पाण्याच्या सान्निध्यात असते, म्हणून तापमान स्थिर मानण्यास हरकत नाही. दाब व आकारमान यांचा गुणाकार स्थिर, म्हणून नवा दाब मूळ दाबाच्या २.० भागिले १.४, अर्थात १.४३ पट झाला.

मूळ दाब किती? पाठ्यपुस्तकात तो १०१.३ किलोपास्कल दिलेला असतो, पण तो समुद्रसपाटीचा होय. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे व येथील सरासरी वातावरणीय दाब ९४ किलोपास्कलच्या आसपास असतो. त्यानुसार टाकी भरल्यावर आतील दाब १३४ किलोपास्कल, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा ४० किलोपास्कलने अधिक झाला. पाण्याच्या स्तंभात सांगावयाचे तर हा दाब ४.१ मीटर खोलीच्या पाण्याइतका आहे. १० सें.मी. व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ ७८.५ चौ. सें.मी. असते, म्हणून त्यावर आतून बाहेर लागणारे बल सुमारे ३१५ न्यूटन येते. सोप्या शब्दांत, कोणीतरी आत बसून ३२ किलो वजनाने झाकण बाहेर ढकलत आहे.

पाणबुडी म्हटले की बाहेरचे पाणी आत घुसेल ही भीती मनात असते. आम्हीही सर्व सांधे त्याच भीतीने तयार केले होते. झाकण बाहेरच्या पाण्याने आत दाबले जाईल व अधिकच घट्ट बसेल, असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात पृष्ठभागाजवळ डुबकी घेताना दाबाची दिशा नेमकी उलटी होती. पाणी दोन मीटर खोल असले तरी बाहेरून २० किलोपास्कल इतकाच प्रतिकार मिळतो. उरलेले २० किलोपास्कल झाकणाला बाहेरच ढकलतात.

शेततळ्यातील प्रसंग

गंगापूर धरणाचे पाणी शहराच्या पिण्याचे असल्यामुळे तेथे प्रयोग करण्याचा विचारही आम्ही केला नाही. द्राक्षबागेसाठी केलेले, प्लास्टिकचे अस्तर असलेले एक शेततळे ओळखीने उपलब्ध झाले. खोली साडेतीन मीटर, पाणी शेवाळामुळे हिरवट, मात्र शांत होते. मार्च महिन्यातील दुपार होती.

पहिली डुबकी उत्तम झाली. शेपटाकडून बुडबुड्यांची बारीक रांग वर येत होती. ती बाह्य आवरणात अडकलेली हवा असावी, असे आम्ही एकमतानेच ठरविले. एकमत झाले की शंका घेण्याचे काम कोणी करत नाही. दुसऱ्या डुबकीनंतर प्रतिकृती वर आली तेव्हा ती आधीपेक्षा खोल तरंगत होती. एका विद्यार्थिनीने ते बोलून दाखविले. प्रस्तुत लेखकाने बॅटरी सरकली असेल असे उत्तर दिले. तिसऱ्या खेपेस ती शेपूट खाली करून गेली आणि कोणत्याही आज्ञेला प्रतिसाद देईनाशी झाली.

त्या क्षणी एका विद्यार्थ्याने चपला काढल्या व तो उतारावरून पाण्याकडे निघाला. शेताचे मालक मोठ्याने ओरडले. शेततळ्याचे अस्तर ओले झाले की त्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर असतो. उतार तीव्र असतो. पोहता येणाराही हाताला काही न लागल्यामुळे बाहेर निघू शकत नाही. ग्रामीण भागात अशा दुर्घटनांच्या बातम्या आपण वाचत असतो. आम्ही मात्र काठाला दोर न बांधता, एकही लाइफ जॅकेट न नेता तेथे उभे होतो. मुलगा थांबला. विहिरीत पडलेली बादली काढावयाचा गळ आणवून तासाभराने प्रतिकृती बाहेर काढण्यात आली. पुढील सर्व चाचण्यांत दोर, जॅकेट व गळ आधी आणि प्रतिकृती नंतर, असा क्रम ठेवला आहे.

बिघाडाची कारणमीमांसा

उघडून पाहिले असता एका बाजूची ओ-रिंग खाचेतून अर्धवट बाहेर आलेली दिसली आणि आत पाणी होते. घटनाक्रम पुढीलप्रमाणे घडला असावा. टाकी भरली, आतील दाब वाढला. प्रोपेलरच्या दांड्यावरील सीलची ओठासारखी कड बाहेरील पाण्याचा दाब सहन करण्यासाठी असते. आतून दाब आला की ती उचलली जाते. त्यातून हवा हळूहळू बाहेर गेली. तेच ते बुडबुडे. दुसरीकडे झाकणही किंचित बाहेर सरकले व ओ-रिंग खाचेतून निसटली.

समजा, आतील दाब १.४३ पटीवरून १.२ पटीवर उतरला. आता दट्ट्या पुढे नेऊन पाणी बाहेर टाकले की हवा पुन्हा २.० लिटर जागेत पसरते. परंतु हवा पूर्वीइतकी राहिलेली नाही. १.२ गुणिले १.४ म्हणजे १.६८, भागिले २.०, अर्थात आतील दाब वातावरणाच्या ०.८४ पटच भरतो. तूट १५ किलोपास्कलची. प्रतिकृती पृष्ठभागावर निवांत तरंगत असते, पण तिच्या सांध्यांना आपण दीड मीटर खोल पाण्यात आहोत असे वाटत असते. निसटलेल्या ओ-रिंगमधून पाणी शोषले जाते आणि दाब समान होईपर्यंत सुमारे ३२० मि.लि. पाणी आत येऊ शकते. दुसऱ्या डुबकीनंतरचे खोल तरंगणे हेच होते. यानंतर पुन्हा ६०० मि.लि. पाणी टाकीत घेतले की प्रतिकृती जवळपास ३०० ग्रॅमने जड होते. आतले सुटे पाणी एका टोकाकडे धावते, तोल जातो व विद्युत सामग्री भिजते.

गळतीची दिशा अशी एकाच चक्रात उलटते. बाहेर जाते हवा, आत येते पाणी, आणि दोन्ही घटनांच्या वेळी वरून पाहणाऱ्याला सर्व काही ठीक दिसते.

तापमान व स्थान यांचा परिणाम

दुपारी ३८ अंश सेल्सिअस तापमानात झाकण बंद केले आणि प्रतिकृती २४ अंशांच्या पाण्यात सोडली, तर आतील निरपेक्ष तापमान ३११ वरून २९७ केल्व्हिनवर येते. दाब साडेचार टक्क्यांनी, म्हणजे ४.२ किलोपास्कलने उतरतो. डुबकी घेण्यापूर्वीच ४३ सें.मी. पाण्याइतके शोषण सुरू झालेले असते. नाशिकला बंद केलेली पेटी तशीच मुंबईस नेली तर बाहेरील दाब सुमारे ७ किलोपास्कलने वाढतो. हे ७० सें.मी. पाण्याइतके होय. घाट उतरताना पाण्याच्या रिकाम्या बाटल्या चेपतात, तोच हा प्रकार. उपाय साधा आहे : उघडी प्रतिकृती तेथील पाण्यात थोडा वेळ टेकवून थंड होऊ द्यावी आणि मगच झाकण लावावे.

झाकण बंद करतेवेळी टाकी किती भरलेली असावी, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. टाकी रिकामी असताना बंद केल्यास दाब शून्य ते अधिक ४० किलोपास्कल असा बदलतो. टाकी अर्धी भरलेली असताना बंद केल्यास तो उणे १४ ते अधिक २० या मर्यादेत राहतो. दुसरी पद्धत झाकणांवर कमी भार टाकते, हे खरे. पण तिच्यात पृष्ठभागावर असताना कायमचे शोषण पत्करावे लागते. आमच्या मते रिकाम्या टाकीने बंद करणे अधिक हितावह आहे, कारण मग सांधा निकामी झालाच तर आधी बुडबुडे दिसतात. बुडबुडा ही सूचना आहे. मात्र ती सूचना म्हणून वाचली पाहिजे.

टाकीचे अन्य प्रकार

दट्ट्याऐवजी पंपाने बंद टाकीत पाणी भरण्याची पद्धतही प्रचलित आहे. तीत टाकीतील हवा टाकीतच दाबली जाते, कोरडा कक्ष निर्धास्त राहतो. ६०० मि.लि. पाण्यासाठी ८०० मि.लि.ची टाकी घेतली तर उरलेल्या २०० मि.लि. जागेतील हवा चौपट दाबाची होते व लहान पंप हात टेकतो. म्हणून टाकी १,२०० मि.लि.ची घ्यावी लागते. तेव्हा दाब दुपटीवर थांबतो. जागा अधिक लागते हा तोटा. पण रेडिओ संपर्क तुटला किंवा बॅटरी उतरली, तर झडप आपोआप उघडेल अशी योजना करता येते व दाबलेली हवाच पाणी बाहेर फेकते. हा लाभ मोठा आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरांतच क्षीण होतात. त्यामुळे २७ किंवा ४० मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारतेचे संच वापरावे लागतात, आणि तेही गोड्या पाण्यात थोड्याच खोलीपर्यंत उपयोगी पडतात. संपर्क तुटणे हा येथे अपवाद मानता येत नाही.

या पद्धतीत एक गंमत आहे. पंप १०० किलोपास्कल वाढीव दाबाला थांबेल असा दाब-स्विच लावला, तर समुद्रसपाटीवर टाकी १०० भागिले २०१.३, म्हणजे ४९.७ टक्के भरते; नाशिकला १०० भागिले १९४, म्हणजे ५१.५ टक्के. १,२०० मि.लि.च्या टाकीत हा फरक सुमारे २२ मि.लि.चा आहे. मुंबईत अचूक तोललेली प्रतिकृती नाशिकला २२ ग्रॅमने जड होऊन तळ गाठेल.

तिसऱ्या प्रकारात रबरी पिशवी बाहेरच्या ओल्या भागात असते आणि पंप कोरड्या कक्षातील हवा तिच्यात भरतो. रचना स्वस्त आहे. मात्र रिकाम्या पिशवीने झाकण लावले तर पृष्ठभागावर येताना कक्षातील ०.६ लिटर हवा बाहेर जाते व आत तीस टक्के निर्वात निर्माण होतो, हे २.९ मीटर पाण्याइतके शोषण आहे. म्हणून येथे पिशवी फुगविलेली असताना झाकण लावावे.

द्रवरूप वायूच्या डब्याने पाणी फेकणाऱ्या रचनांविषयी विस्ताराने लिहीत नाही. ब्यूटेनसारखा ज्वालाग्राही वायू आणि ठिणगी देणारी मोटार एकाच बंद नळकांड्यात ठेवणे विद्यार्थी-प्रकल्पात मान्य करता येणार नाही. शिवाय वायू वेगाने प्रसरण पावला की थंड होतो व त्याचा दाब ऐनवेळी घसरतो. एप्रिल १९६३ मध्ये अमेरिकेची 'थ्रेशर' ही पाणबुडी १२९ जणांसह बुडाली. त्यानंतर दुसऱ्या पाणबुडीवर धक्क्यालाच घेतलेल्या चाचणीत, उच्च दाबाची हवा सोडताना तिच्यातील बाष्प गाळण्यांत गोठून मार्ग बंद होतो, असे दिसून आले. टाकीत पुरेसा दाब साठविलेला असणे आणि तो वेळेवर टाकीत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

सुधारणा व चाचणी

दुसऱ्या आवृत्तीत दोन्ही झाकणे आरपार जाणाऱ्या पोलादी सळईने एकमेकांस जोडली, त्यामुळे बाहेर ढकलणारे बल सळईने पेलले. बॅटरीची मांडणी बदलून व सामग्री कमी करून मोकळी हवा वाढविली. ती ४ लिटर करता आली असती, तर वाढीव दाब १७ किलोपास्कलच्या आत राहिला असता. तितके जमले नाही, तरी अडीच लिटरपर्यंत मजल गेली व दाबवाढ ३० किलोपास्कलवर आली. प्रोपेलरच्या दांड्यावर परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून दोन सील बसविली. झाकणात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसविला. झाकण लावताना आत कोंडली जाणारी हवा त्यातून सोडून देता येते आणि चाचणीसाठी हवा भरताही येते.

चाचणीसाठी रक्तदाब मोजण्याचे डायलचे साधे यंत्र वापरले. त्याची तबकडी ३०० मि.मी. पाऱ्यापर्यंत असते आणि ३०० मि.मी. म्हणजे ४० किलोपास्कल. पहिल्या आवृत्तीतील कमाल दाब नेमका तेवढाच होता. यंत्राच्या रबरी फुग्याने हवा भरून दहा मिनिटे काटा पाहावा. या काळात नळकांडे उन्हात ठेवू नये वा हाताळू नये, कारण एका अंशाच्या फरकाने काटा तीन-चार मिलिमीटर हलतो व गळती नसताना गळतीचा किंवा असताना नसल्याचा भास होतो. चाचणीच्या वेळी झाकणासमोर कोणी तोंड करून उभे राहू नये. शोषणाची चाचणी या यंत्राने होत नाही. त्यासाठी रंगीत पाणी भरलेली दोन मीटरची पारदर्शक नळी इंग्रजी 'यू' अक्षराप्रमाणे भिंतीवर टांगली.

खोली मोजण्यासाठी दाब-संवेदक बसविताना मात्र आम्ही पुन्हा एकदा फसलो. निवडलेला संवेदक दोन बाजूंमधील दाबाचा फरक मोजणारा होता व त्याची संदर्भ-बाजू कोरड्या कक्षात उघडत होती. टाकी भरली, कक्षातील दाब ३० किलोपास्कलने वाढला आणि संवेदकाने खोली प्रत्यक्षाहून तीन मीटर कमी, म्हणजे उणे, दाखविली. स्वयंचलित नियंत्रकाने प्रतिकृती हवेत आहे असे समजून आणखी पाणी घेण्याची आज्ञा दिली. त्या वेळी ती प्रयोगशाळेतील टाकीत, दोराला बांधलेली होती. संवेदक निरपेक्ष दाब मोजणाराच हवा आणि त्याची शून्य खोली प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक दिवशी पाण्याच्या पृष्ठभागावर नव्याने निश्चित केली पाहिजे. कक्षाच्या आत दुसरा निरपेक्ष संवेदक बसविल्यास आणखी एक सोय होते. टाकी रिकामी केल्यावर आतील दाब झाकण लावतानाच्या दाबाइतका परत आला नाही, तर तेवढी हवा निघून गेली आहे हे लगेच कळते. आमच्या प्रतिकृतीत हा फरक ३ किलोपास्कलपेक्षा अधिक दिसला की काठावर तांबडा दिवा लागतो आणि पुढील डुबकी घेतली जात नाही.